शून्यावा दिवा आणि धाकटी जाऊ

मी, या घरची थोरली सून, निवृत्त प्रोग्रामर, डोकं ठिकाणावर असताना व कुणाच्या दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. याआधीचं सगळं रद्द समजावं.

कलम ०. कलमं शून्यापासून मोजावीत. वकीलसाहेबांनी नाक मुरडलं. मुरडू देत.

कलम १. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी लेकीला. फितूर असली तरी पोटची आहे.

कलम २. नाटकाचे दिवे चालवणारा माझा प्रोग्राम. हौशी मंडळींसाठी मी तो एकटीने लिहिला. त्यात पहिल्या दिव्याचा क्रमांक शून्य; आमच्या धंद्यात तसंच मोजतात. माझी धाकटी जाऊ कपडे शिवता शिवता नाटकं बसवते. पहिल्याच प्रयोगात तिने 'एक' टाकलं. राजा अंधारात मेला आणि उजेड पडला रिकाम्या खुर्चीवर. मी म्हटलं, "अगं, सूचना वाचायच्या असतात!" तर म्हणे, "ताई, शून्यावा दिवा कुणी म्हणतं का हो?"

मग माझ्याच लेकीला हाताशी धरून तिने माझ्या प्रोग्रामवर रंगीत चौकोन चढवले. चौकोन ओढा, जोडा, दिवा लागला. चुकलं तर माझा प्रोग्राम 'त्रुटी ४१' म्हणायचा. हिचा म्हणतो, 'इथं काहीतरी राहिलं बघा.' आता नाच शिकवणाऱ्या बाई, बाहुल्यांचे खेळ करणारे, सगळे त्याला 'धाकट्या वहिनींचा प्रोग्राम' म्हणतात. राबले मी, मिरवते ही! माझा नुसता जळफळाट होतो, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

कलम ३. प्रोग्रामच्या आतल्या भागाचा पासवर्ड फक्त मला ठाऊक आहे. तो कुणालाही मिळणार नाही. पुढचा बिघाड झाला की बसा म्हणावं चौकोन जोडत.

(कलम ३ मीच खोडत आहे. आज धाकटी साक्षीदार म्हणून आली. कागद न वाचताच तिने पेन उघडलं. "ताईंनी लिहिलंय ना, मग बरोबरच असणार." वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतंय, त्याने साक्ष देऊ नये." ती हसली, "मला कशाला काय मिळतंय?" मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं.)

कलम ४. पासवर्ड धाकटीला. अट एकच: प्रोग्राम उघडला की पडद्यावर माझं नाव तिच्या नावाच्या वर, आणि ठळक.

सही करू दिली नाही म्हणून ती फुरंगटून आत बसली आहे. त्याचं कारण तिला मी गेल्यावरच सांगावं. तोवर बसू दे रुसून. इतकी वर्षं मीच रुसत आले.

लिहून देणार: थोरली जाऊ (सही)
साक्षीदार: वकिलांचे कारकून (सही), शेजारचे दंतवैद्य (सही)
ठिकाण: राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर
दिनांक: ३ मार्च