सगळ्यांचं नाव धसई

प्रिय भावेश,

हातात फोन असताना ही बाई पत्र काय लिहितेय, असं तुला वाटेल. वाटू दे. आज मला एवढा आनंद झालाय की तो फोनवर मावायचा नाही, शिवाय फोनवर तू मध्येच 'बघू' म्हणतोस. पत्रात तशी सोय नाही. तर ऐक, माझ्या मशिनी चालू झाल्या! सगळ्या! कंपनीत लागल्यापासून मी एकटीने उभं केलेलं हे पहिलंच काम. आमच्या टीमच्या सोनाली मॅडमनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, हे मितालीने केलंय. स्वतःचं नाव ऐकायला इतकं गोड लागतं हे मला माहीतच नव्हतं. आणि लगेच तो बॅनर आठवला. सोमवारी तू शहापूरला हळदीचा बॅनर छापायला टाकणार, आणि त्यावर तुझ्या नावाशेजारी 'मनस्वी' असणार. तुझ्या आईंनी माझ्यासाठी ठरवलेलं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावरही तेच लिहायचं ठरलंय म्हणे. मला माझं नाव बदलायचं नाही, हे मी तुला साखरपुड्यापासून सांगतेय. पण ते नंतर, आधी माझी मजा ऐक.

मी काय काम करते हे तुला आजवर धड सांगितलंच नाही. कुठेतरी लांब एका इमारतीत दांडगे कॉम्प्युटर रांगेने ठेवलेले असतात. त्या एकेकाच्या पोटात आम्ही कितीतरी कॉम्प्युटर मांडतो, ज्यांना हात लावता येत नाही असे. क्लाउड म्हणतात तो हाच, आभाळात काही नसतं. घर दुसऱ्याचं, म्हणून आतल्या सिस्टीमला आमच्यात गेस्ट म्हणतात. हे मी आमच्या आईला सांगितलं तर ती म्हणते, 'पाव्हना हाय तर च्या तरी दे त्याला!' बाबा बाजारात भाजी विकून आले की मी घरून काम करते त्या माळ्यावरच्या टेबलाशी येऊन विचारतात, 'मशीन कुठंय गो तुझी, दाव ना.' मी लॅपटॉपवरची एक ओळ दाखवते. ते बराच वेळ बघतात आणि म्हणतात, 'बरी हाय.'

एका विमा कंपनीला तिच्या प्रत्येक शाखेसाठी अशी एक मशीन हवी होती. प्रत्येक वेगळी करत बसायचं नसतं. एक नमुना करायचा, त्यात मराठी टायपिंग, आपल्याकडची वेळ, कुलपं, लागतील ती सॉफ्टवेअर असं सगळं घालायचं आणि मग त्याच्या हव्या तितक्या प्रती काढायच्या. मी नमुना केला आणि मोठ्या ऐटीत त्याला नाव दिलं धसई. ऐरोलीच्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर आपलं गाव! आता नियम असा, की प्रती काढण्याआधी नमुन्याचं नाव आणि त्याच्या आतला ओळखीचा नंबर पुसून टाकायचा. मग प्रत पहिल्यांदा जागी झाली की स्वतःचं नाव, स्वतःचा नंबर घेते. गावाच्या कौतुकात मी तेवढंच विसरले. काल दुपारी सगळ्या प्रती चालू केल्या आणि बघते तर वरपासून खालपर्यंत धसई, धसई, धसई! त्यात सगळ्या एकाच पत्त्यावर हक्क सांगत होत्या. मुरबाडच्या एसटीत एका सीटवर दहा जणांनी रुमाल टाकावा, तशी गत. एक आत शिरली की दुसरी बाहेर. सोनाली मॅडमनी फोन करून विचारलं, 'हे धसई काय प्रकरण आहे?' मी म्हटलं, मॅडम, माझं गाव. त्या इतक्या हसल्या की मला ओरडायचं राहूनच गेलं. मी मात्र घामाघूम झाले होते, कारण शाखा आज उघडायच्या होत्या.

मग बसले ठाण मांडून. नमुना परत उघडला, त्याची ओळख पुसून काढली, आणि पहिल्यांदा जागं होताना प्रत्येकीला आपलं नाव मिळेल अशी स्क्रिप्ट लिहिली. खरी नावं लावण्याआधी चाचणीला आपल्या मुरबाड-शहापूर दोन्ही तालुक्यांतली गावं दिली. भावेश, काय दिसत होतं ते म्हणून सांगू! एकेक हिरवा दिवा लागत गेला, आटगाव, टोकावडे, किन्हवली... आणि सगळ्यात आधी कोण उठलं असेल? शेणवा! तुमच्या गावातलं कोणीतरी वेळेवर उठतं हे बघून बरं वाटलं. आज खरी नावं लागली, शाखा उघडल्या, माणसं कामाला लागली. एका शाखेच्या नावात चूक होती, ती मी उत्साहाच्या भरात तिथल्या तिथे बदलायला निघाले, तर मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, चालत्या मशीनचं नाव असं सहज बदलायचं नाही. बाकीच्या तिला जुन्या नावाने ओळखतात, जुन्याच नावाने शोधत राहतील. नवं नाव कोऱ्याला द्यावं.

आणि मी कोरी नाही रे. बाबा भर बाजारात हाक मारतात ते मिताली. शाळेच्या दाखल्यापासून आजच्या मीटिंगपर्यंत जे काही केलं ते मितालीने. आटगाव स्टेशनबाहेर वडापाव खाताना तू लाजत लाजत जिला विचारलंस, ती तरी कोण होती? मनस्वी हे नाव वाईट आहे असं नाही. तू म्हणाला होतास, आईंना मुलगी हवी होती आणि तिच्यासाठी त्यांनी ते नाव ठरवून ठेवलं होतं. हे कळल्यापासून त्यांना तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. पण मग ते मुलीलाच देऊ या ना! आपल्याला मुलगी झाली की आईंनीच तिच्या कानात ते नाव सांगावं. हे लिहिताना मी लाजतेय, पण लिहिलंय ते लिहिलंय.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते तुझ्यासाठी फारसं नाहीच. आईंना वाचता येत नाही, आणि मी बोललेलं तुझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जाईतो निम्मं सांडतं. म्हणून रविवारी त्यांना समोर बसव आणि हे पहिल्यापासून मोठ्याने वाच. वडापावचं गाळ, मशिनींचं गाळू नकोस. साखरपुड्याला तुझे नवसूमामा उशिरा आले, आठवतं? तुमच्या अंगणातूनच त्यांनी हाक मारली, 'रखमे, पानी आन गो!' आणि आई हातातलं ताट खाली ठेवून अशा काही धावल्या, की मी बघतच राहिले. इतक्या आनंदाने कोणाच्या हाकेला जाताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी मामांना विचारलं, रखमी कोण? ते म्हणाले, 'हीच की. हौसा तर ती लगीन होऊन इकडं आल्यावर झाली.' तुमच्या घरात हे कोणाला ठाऊक आहे का रे? बॅनरवर वरमाईचंही नाव असतं. तेव्हा इथे वाचायचं थांबव आणि त्यांना विचार, आई, तुझं नाव कोणतं छापू? रखमी म्हणाल्या तर रखमी छाप, हौसा म्हणाल्या तर हौसा. तुमच्या घरात आल्यापासून त्यांना हे कोणीच विचारलेलं नाही.

तुझीच, आणि लग्नानंतरही
मिताली