दहा वाजून वीस मिनिटं

सोमवार, ३ मार्च
आलो एकदाचा आमच्या बेटांच्या आरमारात. आईने नवी विणलेली कमरेची चटई, आमच्याकडे मानासाठी कपड्यांवर गुंडाळतात ती, पिशवीत घातली आहे. चर्चमध्ये गणवेशावर तीच नेस, म्हणाली, लोकांना दिसू दे आपण कोणाचे आहोत ते. आरमार म्हणजे दोन नौका. त्यातली एक कायम दुरुस्तीला. कप्तान फिनेआसी म्हणाले, की आपल्याला शत्रू एकच, गंज, आणि तो रोज जिंकतो. माझी नेमणूक धक्क्यावरच्या रेडिओच्या खोलीत. आचारी सामिऊने आल्या आल्या माझं नाव रेडिओराव ठेवलं. खोलीतून समोर चर्च दिसतं, पन्नास पावलांवर. मला हे सगळं फार आवडलं आहे.

शुक्रवार, ७ मार्च
काम सोपं आहे. हाक आली की नोंदवहीत वेळ लिहायची, हाक लिहायची, कप्तानांना सांगायचं. समोरच्या छोट्या बेटावरचा म्हातारा कोळी मेलिनो रोज सकाळी उगाचच बोलतो. बाळा, ऐकतोस ना, हे त्याचं पालुपद. मग हवा, मग गुडघे, मग लेक सिसिलिया, जिचे दिवस भरत आलेत. काल त्याने माझ्यासाठी ऑक्टोपस पाठवला.
संध्याकाळी सगळे कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला गोल करून बसले होते. काल मी एका मासेमारी जहाजाच्या साध्या चौकशीला संकटाची हाक समजून कप्तानांना जेवणावरून उठवलं होतं. त्यावरून सगळे तासभर हसले. सामिऊ म्हणाला, की रेडिओरावांना शिंक ऐकू आली तरी नौका सुटेल. मीही हसलो, पण कान तापले होते.

रविवार, ९ मार्च
रविवारी आमच्याकडे कुणी समुद्रावर जात नाही. कायदाच आहे. मासे धरणं तर दूरच, जाळं वाळत घातलं तरी पाद्री भर चर्चमध्ये नावानिशी सांगतात. आज मोठी प्रार्थना होती आणि भजनात कप्तानांच्या भरदार आवाजाची पाळी होती. पहाऱ्यावर मी एकटा.
मेलिनोची हाक आली. इंजिन बंद पडलंय, खडकांकडे वाहत चाललोय, नौका पाठव. मला रागच आला. रविवारी मासे धरायला निघाला आणि आता आमची प्रार्थना मोडायची? भर चर्चमध्ये कप्तानांना गाण्यातून उठवायचं, तेही असल्या माणसासाठी? पुन्हा सगळे हसले असते. मी सांगितलं, की रविवार आहे, प्रार्थना संपेपर्यंत थांब. तो काहीतरी समजावत होता. समोर भजन रंगात आलं होतं. मी रेडिओचा आवाज बारीक केला.
प्रार्थना सुटल्यावर कप्तानांना सांगितलं. दोन वाजता होडी सापडली, उलटी.
हाक दहा वाजून वीस मिनिटांनी आली होती. नोंदवहीत मी अकरा पस्तीस लिहिलं आहे.

सोमवार, १० मार्च
तो मासे धरायला गेला नव्हता. सिसिलियाला कळा सुरू झाल्या होत्या, तिला इस्पितळात आणत होता. तिचा देह सापडला. मेलिनो नाही सापडला.
कप्तान म्हणाले, की तासभर आधी कळलं असतं तर पोचलो असतो. मग वही पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुझा काय दोष, पोरा, म्हणाले. मी मान हलवली. लाज वाटते लिहायला, पण हलवली.

गुरुवार, १३ मार्च
अंत्यविधी. जो जो मृताचं देणं लागतो, तो तो जुनी, फाटकी, भलीमोठी चटई कमरेला बांधून आला होता. मी आईची सुंदर चटई नेसून उभा. मेलिनोची बायको लुपेकाकू मला कवटाळून म्हणाली, की शेवटचं तू ऐकलंस त्यांना, काय म्हणाले रे? मी सांगितलं, खरखर फार होती.

शनिवार, १५ मार्च
दुपारी रेडिओच्या खोलीत माझ्या खुर्चीवर फाटकी चटई. ओली. सामिऊची थट्टा वाटली, पण त्याने शपथ घेतली आणि म्हणाला, असल्या गोष्टींची थट्टा करतात होय? मी ती धक्क्यावर टाकून दिली.

रविवार, १६ मार्च
सगळे चर्चमध्ये. रेडिओ मी मुद्दाम बंद ठेवला होता. दहा वीसला बोलला. बाळा, ऐकतोस ना?
आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता.

मंगळवार, १८ मार्च
चटई पुन्हा आली. बिछान्यावर, भर दुपारी. आधीपेक्षा मोठी. शेवाळाचा वास. आईची चटई पिशवीत नाही. पिशवीत ओली वाळू.

शुक्रवार, २१ मार्च
वहीतलं अकरा पस्तीस पुसलं गेलंय. तिथे दहा वीस. अक्षर माझंच. मी खोडून पुन्हा अकरा पस्तीस लिहिलं. जेवून आलो तर—

शनिवार, २२ मार्च
लुपेकाकू अळूच्या पानात भाजलेलं मटण घेऊन आली. तू त्यांचं रोज ऐकायचास, म्हणून, म्हणाली. समोर बसून खाऊ घातलं.
उद्या चर्चमध्ये सर्वांसमोर सांगायचं. तीच फाटकी चटई बांधून. ठरलं.

रविवार, २३ मार्च
९.५०. सगळे आत गेले. बदलीवाला आला नाही. चटई बांधली. ओली, जड. जाईन. गाणं सुरू झालं की जाईन. नाही, आत्ताच—

१०.०५. दोनदा उठलो. चटई पाणी पितेय. गाठ सुटत नाही. पन्नास पावलं फक्त.

१०.१५. दाराखालून पाणी. लिहून ठेवतो. हाक दहा वीसला आली होती. मी ऐकली होती. लुपेकाकूला सांगा, की तो—

१०.२०. रेडिओवर तो. मागे सिसिलिया. आणि एक तान्हं रडतंय. बाळा, आम्ही धक्क्याला लागलो, म्हणाला—

पाणी गुडघ्याला. बटण दाबून हाका मारतोय. त्या रविवारपासून चर्चमध्येही एक संच असतो, कप्तानांजवळ, कोणीतरी—

उत्तर आलं. रविवार आहे, प्रार्थना संपेपर्यंत थांब. आवाज माझाच. आता तो पलीकडचा मी बटण फिरवून आवाज बारीक