पितळेचा सोऱ्या

माय, माझा तुझ्यावर राग आहे, आणि इतक्या वर्षांत तो कमी व्हायचा सोडून वाढतोच आहे. परवा तुझ्या नातीनं नांदेडला खोली घेतली. स्वयंपाकघर लावायचं म्हणून तिनं फोन केला आणि मी लागले सांगायला. खलबत्ता घे, चाळण्या घे, सूप, किसणी, लोणच्याची बरणी, सगळं आपलं असू दे, घरी केलेलं स्वस्तही पडतं आणि टिकतंही. ती हसली. "मम्मी, एका जीवाला एवढं काहून लागतं? न्हाई ते शेजारी मागते की." मी ताडकन ओरडले, "कोणाच्या दारात काही मागायचं न्हाई!" तिनं फोन ठेवून दिला. ते वाक्य माझं नव्हतं, तुझं होतं.

कुरुंद्याला, गावच्या घरी, एका उन्हाळ्यात तू कुरडया घालायला बसली होतीस. गव्हाचा चीक शिजून तयार, आणि आपला जुना लाकडी सोऱ्या ऐन वेळी चिरला. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, एवढं मला कळत होतं. तुला न विचारताच मी पळत सुटले, ज्यांच्या रानात तू हळदीच्या कामाला जायचीस त्या बाईंकडे. त्यांच्या गल्लीत एकच सोऱ्या घरोघर फिरायचा, आणि परत करताना कोणी तो रिकामा देत नसे, सोबत चार कुरडया असायच्याच. बाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "पोरी, तुमाला दिला की मंग तो आमच्या कामाचा राहत न्हाई." अगदी मायेनं म्हणाल्या. आपण बौद्ध, म्हणून आपला हात लागलेला सोऱ्या त्यांना चालणार नव्हता.

मी येऊन तुला सांगितलं आणि तू माझ्याच थोबाडीत दिलीस. "काहून गेलतीस? कोणाच्या दारात काही मागायचं न्हाई!" मग जुन्या लुगड्यावर तू चमच्यानं चिकाच्या पापड्या घालत बसलीस आणि वर मलाच समजावलंस की पापड्याच पुरवठ्याला येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच हळदीच्या कढईपाशी जाऊन उभी राहिलीस. तुझ्या हातानं शिजलेली, वाळलेली हळद त्या घरात वर्षभर खाल्ली जायची. त्यांना एक शब्द बोलली नाहीस गं. मार खाल्ला तो मी.

मग औंढ्याच्या बाजारातून पितळेचा सोऱ्या आला. जातं आलं, पाटा आला, नाना तऱ्हेच्या चाळण्या आल्या. स्वतःच्या अंगावर धड लुगडं नाही, पण स्वयंपाकघरात नाही असं काही नाही. लोक म्हणायचे, काटकसर शिकावी तर हिच्याकडून. तुला ते ऐकून बरं वाटायचं, आणि मला संताप यायचा, अजून येतो. ती काटकसर नव्हती, माय. तो अपमान होता आणि तू त्याला घासूनपुसून फळीवर मांडलंस. त्याहून वाईट म्हणजे आपल्याच वस्तीतली मावशी एकदा सोऱ्या मागायला आली, तर तिलाही तू नाही म्हणालीस. "द्यायचं न्हाई, घ्यायचं न्हाई." बाईंनी आपल्याला दारात उभं केलं ते केलं, तू मावशीला काहून उभं केलंस?

माझ्या लग्नात तू तोच सोऱ्या मला दिलास, आणि सोबत तो नियमही. हिंगोलीच्या या घरात मी दोन्ही सांभाळले. काल मात्र शेजारी नवीन राहायला आलेली बाई दारात आली. "ताई, सोऱ्या हाय का वो? चीक शिजून राहिलाय." माझ्याकडे दारासमोरच्याच भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. तिनं ती पाहिली, मी तिला पाहताना पाहिलं. तरी तिनं हात पुढेच ठेवला. तोंडाशी तुझं 'न्हाई' आलं होतं. मी आत गेले, सोऱ्या काढला आणि तिच्या हातात दिला.

हे सगळं लिहून कागद पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, तुझ्यापर्यंत जायला त्याला वाट कुठली? सोऱ्या अजून परत आलेला नाही. मला कुरडयांची काही हाव नाही, माझे डबे भरलेले आहेत. पण सकाळपासून कडी वाजली की मी उठून राहिले, माय. तो रिकामा येऊ नये, एवढंच वाटतंय.