मंगलासाठी विणलेले मोजे

१२ जानेवारी १९९९, मंगळवार
मंगलाच्या टाचेची जखम अखेर भरली. चार महिने लागले. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी आनंद मात्र करू दिला नाही. "काका, साखर अशीच राहिली आणि पुन्हा जखम झाली, तर पाय वाचेल असं मी म्हणणार नाही." तिच्या पावलांना आता फारसं कळत नाही. अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा मोजे.

सिन्नरला मोज्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली. बायकोच्या पायात मोजा कधी आला नाही!

१५ जानेवारी, शुक्रवार
बाजारातले चार जोड आणून उलटे करून पाहिले. सगळ्यांना बोटांवर दोरीसारखी जाड शिवण. वरचं इलॅस्टिक असं, की पोटरीवर वळ उठावा. नायलॉन टिकतं, पण घाम कोंडतं. नुसतं सूत मऊ, पण टाचेला महिन्यात विरतं. म्हणजे सूतच घ्यायचं, टाचेला नि चवड्याला थोडं नायलॉन मिसळून. रंग पांढरा — रक्त आलं तर दिसावं.

खंडेराव फिटर हसला. "अण्णा, वहिनींना काय परेडला धाडता?" पण जेवणाची सुट्टी सोडून मशीन लावून दिलं.

२४ जानेवारी, रविवार
जोड झाला. तिचं पाऊल कागदावर आखून मापं घेतली होती. आतून टॉवेलसारखे धाग्याचे फास ठेवले, गादीसारखे. टोक मशीनवर शिवलं नाही, हातानं फासाला फास जोडून बंद केलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण शिवण नखालाही लागत नाही. देवापुढे ठेवले, मग तिला घातले.

शेजारच्या अंबूबाई दारातूनच — "अगं मंगले, मड्डम झाली का काय तू? लय थाट हाय बाई!" मंगला लाजली.

मला मात्र धीर येत नाही. आमच्या आईचाही पाय असाच गेला होता.

१ फेब्रुवारी, सोमवार
जपाला बसलो. मनात पायच.

८ फेब्रुवारी, सोमवार
मोजे आता तीच घालते. "मला जमतंय, तुमची गाडी चुकेल." चार-पाच दिवस काहीतरी खुशीत आहे. विचारलं तर सांगत नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार
घरात वास आला. मोजा काढला, तर अंगठ्याशेजारच्या बोटाला चिकटलेला. जोडव्याखाली बोट काळं पडलंय.

शिवण पाहिली, सूत पाहिलं, टाच पाहिली. जोडवं पाहिलं नाही! सत्तावीस वर्षं तिच्या बोटात आहे. मला ते बोटच वाटायचं. वरून जाड मोजा घट्ट बसला आणि चांदी आत रुतली. माझ्याच हातचा मोजा.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
दवाखान्यात जोडवं कापावं लागलं. "अहो, तुम्ही असताना? सवाष्णीचा पाय मोकळा करतात का?" म्हटलं, मी समोर धडधाकट उभा आहे ना गं. तिनं डोळे मिटले. बोट सुजून दुप्पट झालं होतं, पक्कड आत जाईना.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार
बोट काढलं. तरी लाली घोट्याच्या वर चढली. डॉक्टर आता खाली बघून बोलतात. देवाजवळ काय मागावं? मागायला तोंड नाही.

२३ फेब्रुवारी, मंगळवार
उद्या गुडघ्याखालून. सही करून आलो.

२७ फेब्रुवारी, शनिवार
आज ती नीट बोलली. राहवलं नाही, विचारलं, "बोटाला काहीच कळलं नाही का गं?"

"कळत होतं की. आठ दिवस टोचत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन वर्षं पायाला काही कळत नव्हतं. टोचलं, तर वाटलं, तुमच्या मोज्यांनी पायात जीव येतोय. शिवरात्रीला सांगणार होते."