आधी मान मी लववली

दि. ९ मार्च, दुपारी

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भाऊजींचा खोकला कमी झाला असेल. मी ठीक आहे. तू पाठवलेला स्वेटर खांद्यांना बसला, पोटाला नाही.

तुझं पत्र मिळालं. वाचनालयातल्या बाईंनी माझ्या स्थळाला नकार कळवला म्हणून तू त्यांच्या मामींकडे गेलीस आणि "शिष्ट आहे तुमची भाची, माझ्या भावासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही" असं सुनावून आलीस. वाचून मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. ताई, त्या शिष्ट नाहीत. त्या इकडे आल्या त्या दिवशीचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

आमच्या पक्षी-केंद्रातली क्रौंच मादी तुला माहीत आहे. यंत्रात उबवलेल्या अंड्यातून निघाली, पहिलं तोंड माझं पाहिलं आणि आता मलाच आपला नर समजते. मी दिसलो की मान लववते, पंख पसरून उड्या मारते, काटकी हवेत फेकते. तू पोट धरधरून हसली होतीस. यंदा केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी खरा नर आणला आणि मला बजावलं, "ती नाचली की तुम्ही खांब व्हायचं. उत्तर दिलंत तर त्याची धडगत नाही." हिवाळाभर मी खांब झालो. गेल्या महिन्यात दोघं शेजारी उभी राहून दाणे टिपायला लागली होती.

मग बाई पक्षी बघायला आल्या. तू फोनवर म्हणाली होतीस, "ओंडक्यासारखा उभा राहू नकोस, चार शब्द बोल." मला बोलायला कुठे येतं? हवा, बसचं वेळापत्रक, पुन्हा हवा. बाई जांभई दाबत होत्या. तेव्हा मला जे एकच येतं ते मी केलं. जाळीचं दार उघडून आत गेलो, मान लववली, हात पसरले आणि उडी मारली.

मादीला तर उधाणच आलं. बाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. आमची ही गेल्यापासून माझ्यामुळे कुणी असं हसलं नव्हतं. मी आणखी नाचलो. जन्मभर नरांची ऐट बघून हसणाऱ्या मला माझी ऐट काही दिसली नाही.

नर जवळ आला, आपल्या जोडीदारणीपाशी यावं तसा. मादीनं गर्रकन वळून त्याच्या उजव्या डोळ्यात चोच मारली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कसं झालं हे?"

मी म्हणालो, "नरच अंगावर गेला तिच्या. ती बिचारी काय करणार?"

त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे इथे रोज असतात. यांनाच पुन्हा एकदा विचारा."

बाईंनी मला खरं बोलायची संधी दिली होती, ताई. मी बादली उचलली आणि पाणी आणायला गेलो.

फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नाचलात छान हो."

नराचा डोळा गेला. मारकुटा म्हणून त्याला पुढच्या आठवड्यात दुसरीकडे हलवणार आहेत. तिथे त्याला कायम एकटं ठेवतील. काल उजवीकडून दाणे घेऊन गेलो तर त्याला मी दिसलोच नाही. पाऊल वाजलं तसा दचकून भिंतीला टेकला. मला फार लाज वाटते. नाचल्याची नाही. शेण खाल्लं ते नंतर, आणि ते एका मुक्या जिवाच्या तोंडाला फासलं.

हे पत्र पेटीत टाकून मी थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाणार आहे. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. तुला आधी लिहितोय, कारण मला माझा भरवसा नाही. पत्र मिळालं की त्यांना फोन कर. मी सांगितलं नसेल तर तू सांग. मामींकडे जाऊन तुझे शब्दही परत घे. नकार रास्त होता. आणि या खेपेला माझी कड घेऊ नकोस.

तुझ्या पदराआड लपत आलेला,
धाकटा