भिंतीवरचा निळा तुकडा

प्रिय एस्को काका,

नाही, मी गप्प नाही बसणार! काल रात्री तुम्ही फोन आपटलात, म्हणून आता कागदावर बोलते. कागद आपटून बंद होत नाही. "नऊ वर्षं झाली साइमा, कशाला उकरतेस?" म्हणे. उकरणार. तुम्ही एकट्यानं पुरलंत ते, मला न विचारता.

मी बारा वर्षांची होते. एप्रिलमध्ये बाबा गेले आणि आईनं माझं नाव शिकारीच्या क्लबात घातलं. ज्यांना शिकार शिकवायला घरात कुणी नाही, अशा पोरांना क्लबातले म्हातारे फुकट शिकवायचे. माझ्या वाट्याला तुम्ही आलात. बस गॅरेजचे मेकॅनिक, दिवसाला मोजून सहा शब्द. अख्खा उन्हाळा तुम्ही मला फक्त बसायला शिकवलंत, तुमच्या सरपणाच्या ढिगासमोर. नाक खाजलं तर म्हणायचात, "नाकाला सांग, नंतर." मला वाटायचं, हा माणूस वेडा आहे. मग तिसऱ्या आठवड्यात एक खार माझ्या बुटावरून चालत गेली.

आणि नोव्हेंबरची ती सकाळ. सुपीरियर सरोवरावरून बोचरा वारा येत होता. आडोशात दोन स्टुलं आणि बंदूक एकच, माझ्या हातात. तुमचे हात खिशात, कारण क्लबाचा नियमच तो: शिकवणाऱ्यानं बंदुकीला हात लावायचा नाही, हरीण पोराचंच. नर आला, थांबला, मी गोळी झाडली आणि बर्चच्या झाडाची साल उडाली. आपण तासभर बर्फात त्याच्या खुणांमागे फिरलो. रक्त नाही, केस नाही. तुम्ही म्हणालात, "साफ चुकलं. कुणाला दुखलं नाही. चांगली चूक आहे ही."

मी हुंदके देत होते, पण हरणासाठी नाही हो. नेम चुकला की आपल्या क्लबाच्या कँपात शर्टाचा मागचा तुकडा कापतात, त्यावर नाव आणि साल लिहून भिंतीला टाचतात, आणि सगळे खो खो हसतात. एरवी मीही हसले असते. पण माझ्या अंगावर बाबांचा शर्ट होता, बाह्या तीनदा दुमडलेला. मी एवढंच म्हटलं, "हा बाबांचा आहे." मग आपण कँपाकडे परतलो.

क्लबातला गॉर्डी कात्री घेऊन दारातच उभा. "गोळी ऐकली बुवा! हरीण कुठंय? कुणाच्या शर्टाचं शेपूट कापू?" तुम्ही तुमचा निळा शर्ट बाहेर ओढलात आणि त्याच्याकडे पाठ केलीत. "माझं काप. राहवलं नाही मला. पोरीच्या हातातून बंदूक घेतली."

कुणी हसलं नाही. नुसता कात्रीचा आवाज. माझ्या हातात कोकोचा कप होता. मी कोको पीत राहिले, काका. एवढंच केलं मी.

त्या हिवाळ्यात शिकवणाऱ्यांच्या यादीतून तुमचं नाव खोडलं. पोरांची हरणं पळवणारा म्हातारा! नऊ वर्षं तुम्हाला एकही पोर मिळालं नाही. तरी दरवर्षी तुम्ही कँपात यायचात, सगळ्यांची कॉफी करायचात आणि स्वतःच्या त्याच तुकड्याखाली बसून प्यायचात. मला दुसरा कुणीतरी शिकवायचा, पण माझा चाकू दर नोव्हेंबरला गुपचूप धार लागून परत यायचा. कुणाकडून, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाकीचंही बोलावं लागलं असतं.

काल क्लबानं मला शिकवणारी केलं. उभं राहून नियम मोठ्यानं वाचायचे असतात. "शिकवणाऱ्यानं बंदुकीला..." इथे मी कागद खाली ठेवला. मग सगळं सांगून टाकलं. गॉर्डीनं टोपी काढली. "अरे देवा, आणि मी त्याला नऊ वर्षं काय काय बोललो!" म्हणत बाहेर गेला आणि किती तरी वेळ नाक शिंकरत राहिला. त्यानंच तुम्हाला फोन केला ना? वाटलंच.

बाबांचा शर्ट आता मला नीट बसतो, बाह्या दुमडाव्या लागत नाहीत. काल मीच त्याचा तुकडा कापला, त्यावर माझं नाव घातलं आणि तुमचा काढून त्या जागी टाचला. शर्ट तरीही बाबांचाच वाटतो. नऊ वर्षांपूर्वीच हे कळलं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा निळा तुकडा या पाकिटात आहे. पाकीट आणलंय ती टेस, अकरा वर्षांची. खरं तर ही माझ्या वाट्याला आली होती. पण यादीत तुमचं नाव परत चढलंय, आणि मी तिला तुमच्या नावापुढे लिहून आले. तिच्या आईला सगळं ठाऊक आहे, ती दुपारी बाराला न्यायला येईल. पोरगी एक मिनिट गप्प बसत नाही. आधी बसायला शिकवा. सरपणाचा ढीग आहेच.

नाही म्हणण्यासाठी तुम्ही दार उघडाल, तेव्हा मी इथे नसेन. गाडी चालूच ठेवलीय. टेसनं दार वाजवलं की निघाले.

तुमचीच, नेम चुकलेली,
साइमा