दत्तरावांची बोट

मालवण,
३ फेब्रुवारी २०२५

चि. योगीराज यास,
रेणुकाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपण दोघंही तापतो आणि धरणाकाठी रेंज धड लागत नाही, म्हणून लिहिते. शिवाय पत्र तू आईला वाचून दाखवशील.

माझी परीक्षा झाली. प्रवासी घेऊन पॉवरबोट चालवायचा रीतसर दाखला आता माझ्या नावावर आहे. पहिल्या खेपेला नापास झाले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. पाण्यात पडलेल्या माणसाच्या जागी एक बाहुला टाकला होता, आणि तो उचलायला मी इंजिन चालू ठेवूनच जवळ गेले. परीक्षकांनी शांतपणे सांगितलं की हा माणूस बुडाला नसता, बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यानं कापला गेला असता. लहानपणापासून पोहतो म्हणून पाणी कळतं, असं मलाही वाटायचं.

गावातल्या दत्तरावांनी भाडं मारायला जुनी मोटारबोट आणली आणि ती तू चालवतोस, हे आईकडून कळलं. बोटीची तपासणी झाली का? माणसं किती बसतात? जॅकेटं किती? सुकाणूजवळ लाल दोरी असते, ती मनगटाला बांधतोस ना? चालवणारा पाण्यात पडला की ती ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. खरं खरं लिही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
रेणुकाताई

धरणाकाठ, ता. जिंतूर,
११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पास झालीस म्हणून आईनं गल्लीत साखर वाटली. माझी लेक समुद्रावर गाडी चालवती, असं सांगत फिरायलीय.

आता तुझे सवाल. बोट बारा माणसांची हाय, तसं तिच्यावर लिहिलंय. दत्तराव म्हणतात, ते समुद्रासाठी. आपलं पाणी गरीब हाय. जॅकेटं बारा हायत, पण ओली झाली की वास मारतात म्हणून त्यांच्या खोलीत कुलपात. तपासणीचं अन् दाखल्याचं विचारलं तर हसले. बैलगाडीला कुणी लायसन मागतं का, म्हणले. लाल दोरी आखूड पडती, वळवताना आडवी येती, म्हणून नुसती जागेवर अडकवून ठेवतो.

महाशिवरात्रीला पलीकडच्या महादेवाला लय गर्दी होणार. आई पहिल्यांदाच माझ्या बोटीत बसणार हाय. तू उगं जीव घाबरा करू नको. मासे खाऊन जाड झालीस का, तेवढं कळव.

तुझ्या रागाला न भिणारा,
योगीराज

मालवण,
१७ फेब्रुवारी

चि. योगीराज यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं.

हे आईला मोठ्यानं वाच. आई, तू सुकाणूच्या शेजारी बस. लाल दोरी कुठं आहे ते बघून ठेव. चालवणारा जागेवर नसला तर कुणाला विचारू नको, ती ओढ.

योगीराज, तेराव्या माणसाला नाही म्हण. जॅकेट घातल्याशिवाय कुणाला चढू देऊ नको. बोट दत्तरावांची असेल, पण पाण्यावर जाब द्यायचा तो चालवणाऱ्यानं. त्यांनी कामावरून काढलं तर सरळ माझ्याकडे ये, इथं शिकशील.

रागावली तरी तुझीच,
रेणुकाताई

धरणाकाठ,
२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप हाय, हे आधी लिहितो.

शिवरात्रीला सकाळी दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला आई आली, तू सांगितल्यासारखी सुकाणूशेजारी बसली. तवर वारा सुटला होता. दत्तराव माणसं चढवतच होते. मी मोजली, एकोणीस. खाली उतरून सांगितलं की सात जण उतरवा अन् जॅकेटं आणा, न्हाईतर मी नेत न्हाई. त्यांनी सगळ्यांदेखत मला भित्रा म्हणलं अन् स्वतःच सुकाणू धरलं. मी आईला उतर म्हणालो, पण गुडघ्यामुळं तिला पटकन उठता येईना. तेवढ्यात बोट सुटली.

शंभरेक हातांवर आडवी लाट आली. दत्तराव वळवायला उठले अन् तोल जाऊन पाण्यात पडले. इंजिन चालूच. सुकाणू वळलेलं, त्यामुळं बोट त्यांच्याभोवतीच गरगरा फिरायली. ताई, मला पोहता येतं, पण त्या फिरत्या पंख्याजवळ उडी टाकायचं धाडस झालं न्हाई. मग कुणाचा तरी मासेमारीचा तराफा ढकलला अन् निघालो. अर्ध्यात असताना आवाज एकदम बंद झाला. आईनं दोरी ओढली होती. ती म्हणती, कुणाला विचारू नको असं तू लिहिलं होतंस, म्हणून विचारलं न्हाई.

दत्तरावांना मी तराफ्यावर ओढून घेतलं; त्यांच्या पोटरीला पंखा लागलाय. परभणीला दवाखान्यात हायत, जिवाचा धोका टळला. बाकी समदे तराफ्यावाल्यांनी काठाला आणले.

आता गाव मला शहाणा म्हणायलंय. काल पारावर हार घातला. उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार हायत. अन् ताई, सकाळच्या दोन्ही फेऱ्यांत सतरा-सतरा माणसं होती. जॅकेट एकालाही न्हवतं. त्या फेऱ्या मीच मारल्या. आई बसली तवा कुठं मला न्हाई म्हणायचं सुचलं. दत्तराव हे बोलणार न्हाईत, त्यांच्याच अंगाशी येईल. मी बोलणार हाय.

आईला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणली की जबाबाला जाताना धुतलेला सदरा घाल.

जबाबानंतरही माया राहू दे, एवढंच मागणारा,
योगीराज